पायाला संशय आला की बस

आक्का, तू पडून गेली नाहीस, हे मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत सुटले आहे. दारात पाऊल ठेवताच माणसं हळहळतात, मग आवाज खाली आणून विचारतात, "पडल्या व्हय?" मी म्हणते, "न्हाई वो. तापानं गेली. आपल्या खाटंवर, आपल्या जागंवर." ती मान हलवतात, पण त्यांचं समाधान होत नाही. डोळ्यांनी गेलेली बाई, डोंगरातलं गाव, वर पावसाळा. ही पडूनच जायची, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. माझ्या सासूबाईंनी तर कामथडीत दोन-तीन घरी परस्पर सांगूनही टाकलं की पाय घसरला. मी तिथल्या तिथं खोडून काढलं. त्या म्हणाल्या, "आता त्याचं काय येवढं?"  पण मला राग आला, अजून आहे. सगळं अंग कान करून तू इतकी वर्षं चाललीस आणि शेवटी तुझ्या नावावर घसरलेला पाय लावायचा?

उद्या सकाळी मला भोरची एसटी धरायची आहे. ती कशाला, ते सांगायलाच दुपारची खिडकीपाशी बसले आहे. इथं उजेड चांगला येतो. समोर ठेवलेला कागद मला अजून नीट दिसतो, हे तुला माहीत आहेच. तुला एकटीलाच माहीत होतं.

तू गेलीस त्या दिवशी हिर्डोशीच्या आपल्या घरापुढं चपलांचा केवढा ढीग पडला होता! दारातच, अगदी उंबऱ्याला लागून. आत तुला अंघोळ घालायची गडबड चाललेली, बायका रडत होत्या, आणि मी बाहेर वाकून चपला भिंतीकडं सारत होते. वहिनी म्हणाली, "मंदाताई, ह्ये काय करताय, आत या की." मला तिला सांगता येईना. चपलांवर तुझा किती दात होता! लग्न असो, सत्यनारायण असो, पाहुणे आत शिरले की तू आतून ओरडायचीस, "पायतान कडंला काडा रं, न्हाईतर म्या एकेकाचं हिरीत टाकीन." एकदा खरंच दादाच्या मेव्हण्याची चप्पल तू परड्यात भिरकावलीस आणि तो बिचारा एका चपलेनं घरी गेला. तुझ्या प्रेतावर मी तेवढी रडले नाही, जेवढी त्या चपला लावताना रडले. त्यातल्या एका चपलेला मीच अडखळले होते. कुणी बघितलं नाही.

आपल्या गावाची एक रीत आहे, आणि तिच्यावर तुझा सगळ्यात जास्त राग. समोरून तू आलीस की माणसं अदबीनं बाजूला व्हायची. बाजूला होऊन गप उभी राहायची, श्वाससुद्धा रोखून. वाट सोडली म्हणजे झालं, आंधळ्या माणसाला आणखी काय पाहिजे? आणि मग तू नेमकी जाऊन त्यांच्यावरच आदळायचीस. तुकातात्यांचं आठवतं? गवताचा भारा डोक्यावर घेऊन पाणंदीच्या वळणावर दगडाला खेटून उभे होते, तू चाचपायला हात पुढं केलास तो थेट त्यांच्या नाकावर. मी मागून येत होते.

"कोन मेलं हितं?"

"म्या हाय, आक्का. तुका. वाट सोडली तुमास्नी."

"वाट सोडलीसा, पर बोलायला काय झालं? मुक्यावानी हुबं ऱ्हाऊन काय मला पुन्य लागनार हाय? सांगा की, म्या तुका, तुझ्या डाव्या अंगाला हाय. यवढं म्हनलं तर जीभ झिजती का?"

तात्या भाऱ्यासकट वाकून "चुकलं" म्हणाले. तेव्हापासून वाडीत तुझा कायदा चालू झाला. जवळ आलं की नाव सांगायचं आणि अंग सांगायचं, डावं की उजवं. पोरंटोरं तर तुला बघून लांबूनच ओरडत यायची. माझी अश्विनी सुट्टीला तुझ्याकडं असायची, तिला तर ती सवयच लागली. कामथडीला परत आली की घरातसुद्धा "मी अश्विनी, उजवीकडं" म्हणत स्वयंपाकघरात शिरायची, आणि आम्ही हसायचो.

पण त्या हसण्याच्या खाली मला सारखी धास्ती असायची, ती तुला कधी कळली का? हिर्डोशीतून कुणाचाही फोन आला की मी हातातलं काम टाकून धावायची. मोबाईलवर दादाचं नाव बघून मी आधी म्हणायची, "आक्का बरी हाय न्हवं?" मग तो नाचणी झाली, म्हैस व्यायली, असलं सांगायचा. पावसाळ्यात तर मला झोप लागत नसे. अंगणात शेवाळ, ओट्याची पायरी निसरडी, गोठ्यात शेण, परसात दगड. तू म्हणायचीस, "चिखलात पडल्यालं माणूस हसतं, अंगनात पडल्यालं रडतं." म्हणून लावणीला तू हट्टानं खाचरात उतरायचीस. नडगीपर्यंत चिखल धरून ठेवतो, तिथं पडलं तरी कुठं जाणार? वाकून रोप लावत मागं मागं सरताना तुझा चेहरा जेवढा निवांत असायचा, तेवढा तो घरात कधी पाहिला नाही. मी मात्र बांधावर उभी राहून हात चोळायची. बांध ओलांडताना तू काय करायचीस, तर सरळ खाली बसायचीस. पातळ नवं असो, धुतलेलं असो. बसायचं, पाय खाली सोडायचा, जमीन लागली की मग उठायचं.

"पायाला सौंशय आला की बस," तू मला सांगायचीस. "मान गेला तरी चालंल मंदे, माकडहाड जाया नको."

आणि एसटीतून उतरताना! भोरच्या स्टँडवर तू दारातल्या पायरीवर बसलीस, एकेक पायरी खाली सरकलीस. मागं माणसं खोळंबलेली, कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली उतरल्यावर मी म्हणाले, "आक्के, माझा हात धरला असतास की. लोक बघत हुतं." तू साडी झटकत म्हणालीस, "बघू दे. त्यांचं डोळं चांगलं हायत." त्या दिवशी तू बरोबर होतीस, हे कबूल. पण काठीच्या बाबतीत नव्हतीस. तो वाद अर्धाच राहिला आहे आणि तू गेलीस म्हणून मी तो सोडणार नाही.

पुण्याहून मी तुझ्यासाठी ती घडीची पांढरी काठी आणली होती. तू ती हाताळलीस, उघडली, मिटली, खुश झालीस आणि खुंटीला टांगलीस. पुढच्या वेळी मी आले तर तू ओट्यावर बसून वाळत घातलेल्या नाचणीवरच्या कोंबड्या तिनं हाकलत होतीस. मी चिडले. म्हणाले, ही खड्डा सांगते, पायरी सांगते, एवढं चांगलं साधन आणि तू कोंबड्या हाकलतेस? तू शांतपणे म्हणालीस, "काठी बघितली की लोक बोलायचं बंद करत्यात. त्यास्नी वाटतं, हिला आता काठी सांगती. मला मानसं पायजेत, काठी न्हाई." मी म्हणाले, माणसं चोवीस तास असतात का? दुपारी सगळे रानात गेल्यावर काय? तू नुसतीच एक कोंबडी हाकललीस. म्हणजे तेव्हा मीच जिंकले होते. पण तू नेहमीसारखा डावच माझ्यावर उलटवलास.

"तूच घे की ती," तू म्हणालीस.

"मला कशाला?"

"उंबऱ्याशी तू आता थांबतीस. आदी थांबत न्हवतीस. पाय जिमीन हुडकून मग पडतोय तुझा. म्या ऐकती की गं."

 मी आजूबाजूला बघितलं, वहिनीनं ऐकलं तर नाही? कुणीच नव्हतं. मी तुझ्याजवळ सरकून म्हणाले, "जरा कडंचं कमी दिसतंय. खालचं. वयानं असंल." तू माझं मनगट धरलंस. तुझा हात नाचणीच्या कोंड्यानं खरखरीत झाला होता. "वयानं न्हाई. काचबिंदू हाय आपल्या रगतात. डाक्तरनं मला सांगितलं हुतं, भावाबहिनींनी दावून घ्या. दादा जाऊन आला. तू आलीच न्हाईस."

खरं आहे, नाही गेले. मला कुठल्या डॉक्टरनं काही सांगितलेलं नाही. निदान तूच केलंस, ओट्यावर बसून, पावलांवरून.

का गेले नाही, ते तुला सांगितलं होतं. तू मानलं नाहीस. अश्विनीला वेल्ह्याकडचं स्थळ आलेलं. चांगलं घर, मुलगा शिकलेला, नोकरीला. मावशी आंधळी, हे त्यांना माहीत होतं, त्यांनी ते चालवून घेतलं. पण मावशी आणि आई दोघी म्हटल्यावर? घराण्याचा रोग म्हणतील. मी म्हणाले, "सोयरिक जमू दे, मग बघती." तू म्हणालीस, "आन पोरीच्या डोळ्यांचं?" मी उसळले. तिला काय धाड भरली आहे? मोबाईलवरची मुंगीएवढी अक्षरं वाचते ती.

"म्या सुईत दोरा ववत हुते, मंदे," तू म्हणालीस. "दोरा ववत हुते, तवाच कडंचं गेल्यालं हुतं. मला कळलंच न्हाई. समोरचं दिसतंय म्हनल्यावर कुनाला कळनार? गेल्यालं परत येत न्हाई. ऱ्हायल्यालं ठिवता येतंय, थेंब घालून."

त्यावर मी उठून चहा ठेवायला गेले. दरवेळी मी चहाच ठेवायची. तुला भेटायला यायची मला भीती वाटायला लागली होती, आक्का. तू तोंडानं विचारायचं सोडून दिलंस, तरी मी उंबऱ्याशी आले की तुझी मान जराशी तिरपी व्हायची. ऐकत असायचीस.

आणि कामथडीत मी काय करायची ते ऐक, हसशील. घरापुढची गटार ओलांडायची असली, नसरापूरला रिक्षातून उतरायचं असलं, देवळाच्या पायऱ्या असल्या, की मी वाकायची आणि पायातलं जोडवं ठीक करायची. वाकलं की खालचं डोळ्यांसमोर येतं, हातानं चाचपताही येतं. कुणाला संशय नाही. तू उघड बसायचीस, मी जोडव्याच्या आडून. हे इतक्या वेळा झालं की आमच्या ह्यांना वाटलं जोडवी खरंच सैल झाली आहेत. "चल, नसरापूरला सोनाराकडं आवळून आणू," म्हणाले. नेली, आवळून आणली. आता ती बोटाला रुततात. सासूबाई म्हणतात, "हिचं सगळं ध्यान जोडव्यात."

शेवटचं तुला भेटले तेव्हा तू तापानं फणफणली होतीस. दादानं भोरहून डॉक्टरांची औषधं आणली होती, ती चालू होती. मी आत आले, सवयीनं म्हणाले, "म्या मंदा, पायाशी हाय." तू डोळे न उघडता म्हणालीस, "सांगितलंस?" मला वाटलं तापात बरळते आहेस. नाही, मला तसं वाटलं नाही, मी तसं दाखवलं. "ताप उतरू दे आदी," म्हणाले. तू माझा हात शोधलास, सापडला तेव्हा थोपटलास. म्हणजे मी घाबरले होते आणि तू मला थोपटत होतीस. ताप उतरला नाही.

तुझ्यामागं मी फार भित्री झाले आहे, आक्का. तू होतीस तोवर पुढची वाट तू चालून ठेवली होतीस. मला वाटायचं, होईल ते हिचं झालं आहे, आणि ही आहे ना अजून, भाकऱ्या थापते, लावणीला उतरते, माणसांना झापते. आता पुढं कोणी नाही. अंगणातली धुण्याची ओली शिळा, दारात कुणी विसरलेली घागर, सर्व्हिस रोडवर मागून येणारा टेम्पो, सगळ्यांवर माझं लक्ष. एका जागी बसून असले तरी पाय थकलेले असतात.

दहाव्याला नदीवर काय झालं, ते आता सांगते.

दादानं पिंड ठेवला. मला वाटलं होतं तू अडून बसशील. कावळा येणार नाही, भावकी म्हणेल हिची काहीतरी इच्छा राहिली, आणि सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडून वदवून घेशील.  पण दादा मागं सरला न सरला तोच कावळा आला आणि शिवून गेला. मोकळी झालीस. असला दबाव तू कधी आणलाच नाहीस, मरूनही आणला नाहीस. मग मला जास्तच रडू आलं.

मग बायकांनी खाली जाऊन पाया पडायची वेळ आली. तिथली उतरण तुला ठाऊक आहे. वेड्यावाकड्या फरश्या, पाण्याकडं कललेल्या, पावसाचं हिरवं शेवाळ अजून तसंच. माझ्या मागं सासूबाई, त्यांच्या मागं वेल्ह्याच्या त्या मुलाची आई. बिचाऱ्या खास दहाव्यासाठी आल्या होत्या. अश्विनी त्यांच्याबरोबर होती. मी उतरणीच्या तोंडाशी आले आणि खाली बघितलं, तर तिथं काहीच नव्हतं. आधी होतं, मग नव्हतं. हिरवं आणि काळं आणि लकाकणारं पाणी. पहिली फरशी कुठं संपते ते मला कळेना. पायाला संशय आला.

मी बसले.

पुढच्या बायका वळून बघायला लागल्या असतील. मागून सासूबाई म्हणाल्या, "आता हितं कुठं जोडवं काडलंस? नीट हाय की त्ये."

एवढंच म्हणायचं होतं, की हो, रुतलं. रोजचंच होतं ते. हात जोडव्याकडं गेलासुद्धा. पण खाली तुझा पिंड होता, आणि तू माझ्या पावलांवरून ओळखायचीस, तर आता काय ओळखणार नव्हतीस?

"जोडवं न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण हळू म्हटलं असतं तर पुन्हा म्हणता आलं नसतं. "मला दिसत न्हाई. खालचं दिसत न्हाई. आक्काचं झालं तसंच हाय."

आणि मग आक्का, तुझ्या गावानं तुझा कायदा विसरून तेच केलं जे ते आधी करायचं. सगळ्यांनी वाट सोडली. बांगड्या वाजल्या, लुगडी सरकली आणि सगळ्या गप उभ्या राहिल्या, श्वास रोखून. सासूबाई कुठं, त्या बाई कुठं, कोण माझ्याकडं बघतंय, कोण तोंड फिरवतंय, काही कळेना. मी फरशीवर दोन्ही तळवे टेकून बसले होते, शेवाळ बोटांत आलं होतं. तू कशाला एवढी ओरडायचीस, ते मला तेव्हा कळलं. त्या शांततेत माणूस न पडताच पडतं.

"आई, मी अश्विनी." मागून आवाज आला. "उजवीकडून येतेय. थांब."

पोरगी पंचवीस वर्षांची घोडी झाली आहे, पण आवाज अगदी सुट्टीत तुझ्या अंगणातून यायचा तसा होता. ती माझ्या उजव्या अंगाला आली, चपलांचा आवाज नव्हता, म्हणजे वरच काढून आली होती. मी तिच्याकडं मान वळवली. स्थळाचं, सासूबाईंचं, कशाचंच भान राहिलं नाही. त्या बाई ऐकत असतील तर ऐकोत.

"अशू, तुला कडंचं दिसतं का गं? खरं सांग."

 "दिसतं. म्हंजे, मला वाटतं दिसतं."

"मलाबी तसंच वाटायचं."

  मग तिनं विचारलं, "मावशी कुणाकडं दाखवायची? भोरला?" मी म्हणाले, व्हय, भोरला. "मग आपण दोघी जाऊ," ती म्हणाली.

उद्याची एसटी त्याची आहे. मला भीती वाटते, माझ्यापेक्षा तिची दसपट वाटते. डॉक्टर तिच्या डोळ्यांत बघून काय म्हणतील, या विचारानं घास उतरत नाही. वेल्ह्याहून अजून फोन नाही. सासूबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात, पण आज सकाळी धुण्याच्या शिळेपाशी आल्या तेव्हा लांबूनच खाकरल्या. आणि तुझी काठी मी दादाकडून मागून आणली आहे. दाराशी ठेवली आहे. कोंबड्या हाकलणार नाही, वापरणार आहे. त्या वादात मीच बरोबर होते.

नदीवर मग मी अश्विनीचा हात धरून उठायला गेले. तिनं उठू दिलं नाही. "मावशी काय म्हणायची?" म्हणाली आणि चांगली नवी साडी नेसलेली पोर माझ्याशेजारी त्या हिरव्या फरशीवर मांडी घालून टेकली. पाय खाली सोडला, दगड लागला, सरकलो. पुन्हा पाय सोडला, पुन्हा सरकलो. सगळं गाव वरून बघत होतं. अशा बसत बसत आम्ही दोघी तुझ्यापर्यंत उतरलो, आक्का.